आधी जखम भरू द्या, मग औषध



कापूस-ज्वारीवाल्यांच्या बैठकीत वाटल्या जाणाऱ्या अंकात बटाट्याचे पुराण कशासाठी, असे काहीजण विचारतील. विचारावेच. आपल्यातल्या बहुतेकांच्या विहिरी संक्रांत उलटली की तळ दाखवू लागतात. बटाटा हे काही आपले पीक नाही. तरीही दोन कारणांनी हा विषय घेतला आहे. ज्यांच्या विहिरीला फाल्गुनापर्यंत पाणी टिकते त्यांच्यापैकी कोणी ना कोणी दहा-वीस गुंठे बटाटा लावून पाहतो, आणि काढणीनंतर मालाची जी दैना होते ती पाहून पुन्हा त्या वाटेला जात नाही. दुसरे कारण सगळ्यांना लागू आहे. माल शेताबाहेर गेला की आपले काम संपले, पुढचे व्यापारी आणि गोदामवाले पाहून घेतील, ही समजूत आपल्या अंगात पिढ्यान्‌पिढ्या मुरली आहे. बटाट्याच्या बाबतीत ही समजूत शेतकऱ्याला कशी नागवते, हे एकदा तपशिलाने पाहण्यासारखे आहे.

ज्वारीचे शास्त्र आपल्याला शिकवावे लागत नाही. कणसे वाळवा, मळणी करा, दाणा दाताखाली कडक वाजला की पेवात किंवा कणगीत भरा. कोरडे राहिले की टिकले, ओल लागली की गेले. फुटलेला दाणा पुन्हा सांधत नाही, त्याला आधी कीड लागते, म्हणून तो पाखडून काढायचा. कापसाचेही तेच. वेचलेला कापूस ओला राहिला की गंजीत तापतो आणि पिवळा पडतो. वाळवा आणि मग ठेवा, हा एकच नियम आपल्याला ठाऊक आहे आणि आपल्या पिकांपुरता तो बरोबर आहे.

बटाट्याला हा नियम लावला की घात होतो. बटाट्यात पाऊण हिश्शाहून जास्त पाणी असते. तो मूळ नाही, फळही नाही. जमिनीखाली फुगलेले खोड आहे. त्याचे डोळे म्हणजे खोडावरचे कोंब. जमिनीतून उपटला तरी तो मरत नाही. गोणीत पडल्या पडल्या तो श्वास घेतो, उष्णता सोडतो, पाणी गमावतो. आणि जखम झाली तर ती स्वतः भरून काढतो. या शेवटच्या गुणावर त्याची सगळी साठवण उभी आहे.

काढणीत जखम न झालेला बटाटा शोधून काढावा लागेल. नांगराचा फाळ लागतो, कुदळीचा घाव बसतो, वेचताना पाटीत आपटतो, पाटीतून गोणीत आणि गोणीतून ट्रकमध्ये फेकला जातो. पाला हिरवा असतानाच काढणी केली तर साल इतकी कोवळी असते की अंगठा घासला तरी सोलून निघते. उघड्या पडलेल्या प्रत्येक ठिकाणाहून दोन गोष्टी घडतात. आतले पाणी बाहेर जाते आणि बाहेरचे रोग आत येतात. कोरड्या सडीची फ्युजेरियम बुरशी अखंड सालीतून सहसा शिरू शकत नाही, ती जखमेची वाट पाहत असते. ओल्या सडीचे जिवाणू तर एका कापलेल्या बटाट्यातून निघणाऱ्या चिकट पाण्याबरोबर खालच्या पाच बटाट्यांवर उतरतात. सडका बटाटा शेजाऱ्याला नासवतो हे घरातल्या कोणत्याही बाईला माहीत आहे. त्या पहिल्या बटाट्याला सड लागली कशी, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही.

आता जखम भरते कशी ते पाहू. बाभळीच्या किंवा निंबाच्या खोडाला कुऱ्हाड लागली आणि झाड वाचले तर काही महिन्यांनी घावाच्या कडेने नवी साल चढलेली दिसते. बटाटा खोडच असल्याने त्याचेही काहीसे तसेच, फक्त काम फार लवकर होते. ते दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात घावाच्या तोंडाशी असलेल्या, आधीपासूनच तेथे असणाऱ्या पेशी आपल्या भिंतींवर एक मेणचट पदार्थ चढवतात. त्याला सुबेरिन म्हणतात. बाटलीचे बूच ज्या झाडाच्या सालीचे करतात त्या सालीतही हाच पदार्थ असतो, म्हणून तर बुचातून पाणी झिरपत नाही. हा झाला तात्पुरता गिलावा. दुसऱ्या टप्प्यात त्या गिलाव्याखालच्या पेशी विभागू लागतात. एकीच्या दोन, दोनाच्या चार अशा नव्या पेशींचे थर विटांसारखे एकावर एक बसतात आणि त्यांच्यावरही सुबेरिन चढते. ही खरी नवी साल. ती पुरी झाली की जखम मिटली. गिलावा रोगाला काही काळ थोपवतो, महिनोन्‌महिने टिकणारी भिंत मात्र दुसऱ्या टप्प्यातच उभी राहते.

या कामाला तीन गोष्टी लागतात: माफक ऊब, दमट हवा आणि श्वासाला वारा. साधारण २० अंश सेल्सियसला आठवडाभरात नवी साल तयार होते. १० अंशाला दोन आठवडे किंवा त्याहून अधिक लागतात. ५ अंशाच्या आसपास महिना लागतो आणि २-३ अंशावर हे काम जवळजवळ बंदच पडते. वरच्या बाजूलाही मर्यादा आहे. ३५ अंशाच्या पुढे साल धरत नाही आणि सड मात्र घोड्यावर बसून येते. हवा कोरडी असेल तर उघड्या पेशी गिलावा चढवण्याआधीच वाळून मरतात. बटाट्यावर पाण्याचा थर बसला असेल तर वारा कोंडतो आणि जिवाणूंचे फावते. म्हणजे हवा दमट हवी आणि बटाट्याचे अंग कोरडे हवे. ऐकायला हे अवघड वाटते. झाडाच्या दाट सावलीत, वाळलेल्या गवताखाली, बेताच्या उंचीच्या ढिगात ते आपोआप जमते.

कांदा पिकवणारे येथे हमखास फसतात. कांद्याची मान वाळली पाहिजे, म्हणून कांदा शेतात पातीसकट पसरून सुकवतात, आणि ते बरोबर आहे. तोच हिशेब बटाट्याला लावून तो उन्हात पसरला की दोन नुकसाने होतात. जखमा भरण्याऐवजी वाळून चिरतात. शिवाय उजेडाने बटाटा हिरवा पडतो, त्यात सोलॅनिन हे विष वाढते आणि बाजारात तो कोणी घेत नाही. बाजारात कांदा-बटाटा एका श्वासात म्हणतात म्हणून दोघांचा स्वभाव एक होत नाही.

पुणे जिल्ह्यातील आंबेगाव, खेड या तालुक्यांतले शेतकरी रब्बीचा बटाटा आरणीत ठेवतात. झाडाच्या सावलीत ढीग घालायचा, वरून गवत-पाचटाचे आच्छादन द्यायचे. त्यांना सुबेरिन हे नाव कोणी सांगितले नव्हते. ढिगात बटाट्याच्या स्वतःच्या श्वासाने दमटपणा येतो, सावलीने ऊन अडते, गवतातून वारा खेळतो. उत्तर प्रदेशात आणि पंजाबात काढणीनंतर शेतातच ढीग घालून, पाल्याने किंवा पेंढ्याने झाकून दहा-पंधरा दिवस ठेवण्याची जी शिफारस आहे ती याच कारणासाठी. त्याच्याही आधी, काढणीपूर्वी दहा-पंधरा दिवस पाला कापून टाकायचा, म्हणजे जमिनीतच साल पक्की होते. पाला कापायला विळा पुरतो.

कोणाला पडताळा पाहायचा असेल तर एक बटाटा मधोमध कापावा. एक फोड जरा ओलसर पण न ठिबकणाऱ्या गोणपाटात गुंडाळून घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवावी, दुसरी उन्हात. आठ-दहा दिवसांनी पहिल्या फोडीचे तोंड तपकिरी, चामड्यासारखे झालेले दिसेल. नखाने खरवडले तर एक पातळ पापुद्रा लागेल आणि आतला बटाटा ताजाच असेल. उन्हातली फोड आक्रसलेली आणि भेगाळलेली असेल. एकादशीसाठी रताळी लावणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. रताळेही काढणीनंतर जखम भरते. त्याला ऊब मात्र जास्त लागते, २९-३० अंशाच्या आसपास, आणि मग चार ते सात दिवस पुरतात.

येथपर्यंत निसर्गाचे काम झाले. आता औषधाकडे येऊ.

शीतगृहात २ ते ४ अंशावर बटाटा ठेवला तर त्याला कोंब येत नाहीत, पण त्याच्यातले पिठूळ सत्त्व साखरेत बदलू लागते. असा बटाटा भाजीत गोड लागतो आणि तळला की काळपट होतो. वेफर्सच्या कारखान्याला तो चालत नाही. म्हणून १० ते १२ अंशावर ठेवण्याची पद्धत निघाली. तेथे साखर कमी होते, पण कोंब येतात. कोंब रोखण्यासाठी क्लोरप्रोफाम नावाचे औषध आले. त्यालाच सीआयपीसी म्हणतात. अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हे औषध निघाले ते तणनाशक म्हणून. बटाट्याचे कोंबही त्याने थांबतात हे तेव्हाच ध्यानात आले. बंद खोलीत त्याचा धूर सोडतात, तो गोण्यांच्या फटींतून प्रत्येक बटाट्यावर बसतो. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने आपल्याकडच्या शीतगृहांसाठी या पद्धतीवर काम केले. कुफरी चिपसोना-१ आणि २ हे वेफर्ससाठीचे वाण १९९८ साली आले, आणि प्रक्रियेच्या बटाट्याबरोबर १०-१२ अंशाची साठवण आणि हा धूर यांचेही महत्त्व वाढले.

हे औषध कोंबाला मारते कसे? ते पेशींचे विभाजन थांबवते. कोंब वाढायचा तर एका पेशीच्या दोन व्हायला हव्यात. औषध ते होऊ देत नाही, म्हणून डोळा जागच्या जागी मुका राहतो. आता जखम भरण्याचा दुसरा टप्पा आठवा. तेथेही एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार व्हायच्या असतात. औषधाला कोंबाची पेशी कोणती आणि जखमेची कोणती हे कळत नाही. ते दोन्हीकडे सारखेच काम करते. जखम उघडी असताना धूर सोडला तर वरचा गिलावा कसाबसा लागतो, पण त्याखालची नवी साल उभीच राहत नाही. बटाटा वरून धडधाकट दिसतो. दोन-तीन महिन्यांनी गोणी उघडली की वजन घटलेले असते आणि ज्या ज्या जागी फाळ लागला होता त्या त्या जागी खड्डा पडून आत बुरशी माजलेली असते.

औषध चांगले की वाईट यावर आपल्याकडे चावडीवर तास घालवतात. येथे त्या वादाआधी क्रमाचा प्रश्न येतो. आधी जखम भरू दिली आणि मग औषध दिले, तर तेच औषध माल राखते. उलट केले तर तेच औषध माल सडायला हातभार लावते. पैसे दोन्ही वेळा तेवढेच खर्च होतात.

आणि थांबायला वेळ नाही, असेही नाही. काढलेला बटाटा लगेच कोंब काढत नाही. वाणाप्रमाणे साधारण सहा ते दहा आठवडे तो झोपलेला असतो. डोळ्यांना कितीही ऊब मिळाली तरी ते या काळात सहसा उघडत नाहीत. जखम भरायला लागतात दोन, फार तर तीन आठवडे. निसर्गाने ही सवड आधीच देऊन ठेवली आहे. डोळे उमलायला लागले, पांढरा ठिपका दिसू लागला की औषधाची वेळ झाली. सिमल्याच्या संस्थेचे सांगणेही असेच आहे. म्हणजे पहिल्याच आठवड्यात धूर सोडण्याची बटाट्याला काही गरज नसते.

मग घाई होते ती कोणाच्या सोयीसाठी? फेब्रुवारी-मार्चमध्ये आग्र्याच्या पट्ट्यात शीतगृहांच्या दारात ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात. दाराबाहेर ट्रॉलीवर, उन्हात, गोणीत कोंबलेला बटाटा तापतो. जखम भरण्याऐवजी वाफेत शिजतो. आत गेला की मालकाला विजेचे बिल दिसत असते. खोली लवकर भरावी, लवकर थंड करावी, एकदाच धूर सोडून मोकळे व्हावे, हे त्याच्या दृष्टीने शहाणपणाचे असते. खोली उबदार ठेवून पंधरा दिवस थांबणे म्हणजे त्याला खर्च आणि कटकट. शेतकऱ्यालाही घाई असते, कारण सोसायटीचे देणे मार्चअखेर भरायचे असते आणि शेतात ढीग घालून राखण करायला माणूस लावावा लागतो. सगळ्यांची घाई एकमेकींत गुंतते आणि पंधरा दिवस कोणीच देत नाही. नुकसान मात्र एकट्या शेतकऱ्याच्या पदरात पडते. गोणी उघडल्यावर त्याला सांगितले जाते की तुमचा मालच हलका होता. भाडे तर पुरे घेतलेले असते!

ही गोष्ट फक्त सीआयपीसीची नाही. कोंब रोखणाऱ्या दुसऱ्या उपायांकडेही जरा पाहा. नाशिक जिल्ह्यात लासलगावला २००२ साली भाभा अणुसंशोधन केंद्राचा विकिरण प्रकल्प सुरू झाला. कांद्याला आणि बटाट्याला गॅमा किरण दिले की कोंब येत नाहीत. किरणांनीही पेशींचे विभाजनच थांबते. त्यामुळे किरण दिलेल्या बटाट्याची जखम नीट भरत नाही, हे भाभा केंद्रातल्या संशोधकांनीच प्रयोग करून दाखवले होते. उपाय तोच: आधी साल धरू द्यायची, मग किरण. हॉलंडमध्ये १९९० च्या दशकात शहाजिऱ्याच्या जातीच्या बियांतील कार्व्होन हे सुगंधी तेल कोंब रोखण्यासाठी बाजारात आले. नैसर्गिक, मसाल्यातले, कोणाला भीती वाटण्याचे कारण नाही. पण तेथल्या प्रयोगांत दिसले की तेही जखम भरण्याचे काम रोखून धरते. रसायन कारखान्यातले असो, विकिरण प्रकल्पातले किरण असोत की मसाल्याच्या डब्यातले तेल, कोंबाची वाढ जो थांबवतो त्याच्याकडे जखमेच्या बाबतीतही संशयाने पाहावे. हल्ली कोणत्याही डब्यावर ‘जैविक’ लिहिले की प्रश्न विचारायचे थांबतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

सीआयपीसीच्या विषारीपणाबद्दलही चार शब्द सांगणे भाग आहे. युरोपीय संघाने जून २०१९ मध्ये या औषधाची मंजुरी पुढे चालू ठेवण्याचे नाकारले आणि ऑक्टोबर २०२० पर्यंत उरलेला साठा वापरून संपवण्याची मुदत दिली. तेथल्या अन्नसुरक्षा संस्थेने खाणाऱ्याच्या पोटात जाणाऱ्या अंशाबद्दल, आणि औषध विघटित होऊन तयार होणाऱ्या ३-क्लोरोॲनिलिनबद्दल शंका काढल्या होत्या. अमेरिकेने त्या वेळी अशी बंदी घातली नाही. युरोपातल्या निर्णयानंतर जी अडचण उभी राहिली ती मोठी बोलकी आहे. वर्षानुवर्षे धूर पिऊन शीतगृहांच्या काँक्रीटच्या भिंतीच औषधाने मुरल्या होत्या. नवे औषध एक थेंबही न वापरता ठेवलेल्या बटाट्यावर जुन्या भिंतींतून अंश उतरत होता. शेवटी अंशाची मर्यादा किलोला १० मिलिग्रॅमवरून एकदम शून्याजवळ न आणता सप्टेंबर २०२१ पासून तात्पुरती ०.४ मिलिग्रॅम ठरवावी लागली. शीतगृहे घासूनपुसून काढण्याचा खर्च तेथल्या शेतकऱ्यांनी आणि साठवणूकदारांनी सोसला.

युरोपने बंदी घातली म्हणून आपणही घाला, अशी मागणी आम्ही करत नाही. युरोपात बाहेरच इतकी थंडी असते की नुसती बाहेरची हवा आत घेऊन बटाटा राखता येतो. आपल्याकडे एप्रिलच्या चाळीस अंशांत कोंब रोखायचे साधन हिरावून घेतले तर शेतकऱ्याला मार्चमध्येच मिळेल त्या भावाने माल विकावा लागेल. शहरातल्या ग्राहकाचे कैवारी तेव्हा कोठे दिसणार नाहीत. साठवण करणारा शेतकरी भाव वाढला की लगेच साठेबाज ठरतो हेही आपण पाहिले आहे. जुलै २०१४ मध्ये केंद्र सरकारने कांद्याबरोबर बटाट्यावरही साठ्याची मर्यादा घालण्याची वाट मोकळी केली, आणि त्याच वर्षी पश्चिम बंगालने आपला बटाटा राज्याबाहेर जाण्यावर अडथळे उभे केले. ज्या मालाला राखायला पंधरा दिवस जखम भरू द्यायची आणि पुढे काही महिने थंडीत ठेवायचे, त्या मालाला अशी हुकूमशाही परवडत नाही. पण सरकारला जाब विचारताना शीतगृहवाल्याला विचारायचे प्रश्न विसरून चालणार नाही.

ते प्रश्न साधे आहेत. माल आत घेताना बटाट्याच्या पोटातले तापमान किती होते? खोली थंड करायला सुरुवात कोणत्या तारखेला केली? धूर कोणत्या तारखेला सोडला, कोणते औषध, किती टनांना किती? या गोष्टी मालकाकडे असतात किंवा असायला हव्यात. पावतीवर मात्र गोण्यांची संख्या आणि भाडे एवढेच लिहिलेले असते. आवक झाल्याची तारीख आणि धुराची तारीख या दोन तारखा जरी पावतीवर आल्या तरी पुढे माल सडल्यावर बोलायला जागा राहील. दोन तारखांत पंधरा दिवसांपेक्षा कमी अंतर असेल आणि माल शेतातून थेट आला असेल, तर सड कोणाच्या खात्यावर मांडायची ते कागदच सांगेल. अर्थात हे शेतकऱ्यालाही बांधील आहे. शेतात ढीग घालून आठ-दहा दिवस न ठेवता, फाळाने कापलेला माल न निवडता, पाला हिरवा असताना काढलेला बटाटा गोणीत भरून दिला तर पावतीवरच्या तारखा त्याच्याविरुद्धही बोलतील. कापलेले बटाटे निवडून आधी विकून टाकावेत. त्यांना कोणत्याही शीतगृहात जागा देणे म्हणजे विस्तव पदरात बांधणे.

शेवटी बियाण्याबद्दल, कारण आपल्यापैकी जो बटाटा लावेल त्याचा पहिला व्यवहार बियाण्याचाच असतो. महाराष्ट्रात बियाणे बहुतांशी पंजाबातून, जालंधरच्या बाजूने येते आणि मंचरच्या बाजारातून पुढे गावोगाव जाते. बियाण्याच्या बटाट्याला सीआयपीसीचा वासही लागता कामा नये. ज्या खोलीत एकदा हा धूर सोडला आहे त्या खोलीत पुढच्या वर्षी बियाणे ठेवले तरी भिंतीतून औषध उतरते. डोळे उमलत नाहीत किंवा वेडेवाकडे फुटतात आणि शेतात नांगे पडतात. युरोपातल्या भिंतींची गोष्ट म्हणूनच वर सविस्तर सांगितली. बियाणे घेताना ते कोणत्या शीतगृहातून आले आणि तेथे खाण्याच्या बटाट्याला धूर देतात का, हे विचारून मगच पैसे मोजावेत. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर पाच-सात बटाटे घरी आणून सावलीत, पसरट पाटीत दोन-तीन आठवडे ठेवावेत. डोळे जाड आणि आखूड कोंब काढू लागले तर बियाणे धड आहे.

मोठे बियाणे कापून लावणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे की ते स्वतःच्या हाताने जखम करत आहेत. कापलेल्या फोडी बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवून, ठिबकत असतानाच सरीत टाकायच्या, अशी घाई जागोजाग चालते. ओल्या थराखाली वारा कोंडतो, साल धरत नाही, आणि खरिपाच्या तापलेल्या ओल्या जमिनीत फोड आठवड्यात पाणी होऊन जाते. बुरशीनाशक साल तयार करत नाही. साल तयार होईपर्यंत ते फक्त राखण करते. फोडी कापल्यावर बुरशीनाशकाची कोरडी भुकटी चोळावी, किंवा पाण्यातून काढल्या असतील तर आधी सावलीत पाणी निथळू द्यावे, आणि मग पातळ थरात, गोणपाटाखाली, वारा खेळेल अशा जागी तोंडावर पापुद्रा धरेपर्यंत ठेवाव्यात. विळा किंवा सुरी प्रत्येक सडका बटाटा कापल्यावर औषधाच्या पाण्यात बुडवून घ्यावी. जून-जुलैत पाऊस लागून राहिला असेल तर कापण्याच्या भानगडीत न पडता लहान, अख्खे बियाणेच लावावे. ते थोडे महाग पडते.